स्मृतिभ्रंशाची पायरी

महाभारताच्या मौसलपर्वातील एक प्रसंग गीतेच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ऋषींच्या शापाची वार्ता द्वारकेत पसरल्यानंतर नगरात दवंडी पिटविण्यात आली, की आजपासून वृष्णी आणि अंधक यांच्या कुळांत कोणीही मद्य गाळू नये. जो गाळील त्यास बांधवांसह सुळावर चढविले जाईल. राजाज्ञा इतकी कठोर होती आणि ती घोषित करणाऱ्यांत प्रत्यक्ष भगवान श्रीकृष्णांचे नाव होते. लोकांनी ती मान्यही केली. तरी पुढे प्रभासक्षेत्री यात्रेसाठी गेलेले हेच यादव भगवंतांच्या डोळ्यांदेखत मद्यपानास बसले. सात्यकीने मद्याच्या भरात कृतवर्म्याचे जुने पाप उकरून काढले, शब्दाने शब्द वाढला, आणि समुद्रकाठची लव्हाळी उपटून बापाने लेकाचा व लेकाने बापाचा प्राण घेतला.

ज्यांच्या मुखातून गीता प्रकट झाली त्यांच्याच कुळाचा अंत असा व्हावा, ह्याचे वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु हा अंत कसा होतो ते भगवंतांनी कुरुक्षेत्रावर आधीच सांगून ठेवले होते. दुसऱ्या अध्यायाच्या बासष्टाव्या आणि त्रेसष्टाव्या श्लोकांत अधःपाताची जी साखळी वर्णिली आहे ती आपल्यापैकी बहुतेकांस मुखोद्गत असते. विषयाचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिविभ्रम, स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश, आणि शेवटी सर्वनाश. ह्या क्रमात एक गोष्ट मननीय आहे. बुद्धी नष्ट होण्यापूर्वी स्मृती नष्ट होते असे भगवान सांगतात. आपण साधारणतः उलट समजतो. अमक्याची बुद्धी फिरली म्हणून तो पिऊ लागला, असे आपण म्हणतो. गीता म्हणते, तो प्रथम विसरला. काय विसरला? आपण कोण, कोणाचे, काल काय भोगले आणि परवा काय ठरविले, हे विसरला. बुद्धीने निवाडा द्यावयाचा तो स्मृतीने पुढे ठेवलेल्या पुराव्यावरून. पुरावाच नाहीसा झाला, की न्यायाधीश कितीही चतुर असला तरी निवाडा चुकणारच.

द्वापरातील कथा म्हणून कोणी ही बाजूस ठेवू नये, यासाठी जवळचे उदाहरण घेऊ. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कलकत्त्यात, म्हणजे आजच्या कोलकाता नगरीत, ह्या साखळीची एकेक कडी घडत असताना दिसते, आणि तीही अडाण्यांच्या वस्तीत नव्हे, तर त्या काळच्या अत्यंत बुद्धिमान तरुणांमध्ये.

तेथील हिंदू कॉलेज १८१७ साली स्थापन झाले. इंग्रजी विद्येचा पहिला प्रखर प्रकाश ह्या विद्यालयातून बंगालमध्ये पडला. परंतु त्या विद्येबरोबर एक विलक्षण समजूत तरुणांच्या मनात शिरली, की मद्यपान हे सुधारलेपणाचे चिन्ह आहे, आणि जो पीत नाही तो अजून अंधारात आहे. पुढे ब्राह्मसमाजाचे विख्यात पुढारी झालेले राजनारायण बसू (१८२६–१८९९) हे ह्याच कॉलेजचे विद्यार्थी. कॉलेजासमोरच्या गोलदीघी तलावाकाठी आपण मित्रांसह कबाब आणि ब्रँडी यांचे सेवन करीत असू, हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. ते तळे आज कॉलेज स्क्वेअर म्हणून ओळखले जाते. पुस्तकांच्या बाजारात जाणारे यात्रेकरू त्याच्या कडेनेच जातात.

मुलाचे हे वर्तन कळल्यावर वडिलांनी जे केले तेही राजनारायणांनी नमूद केले आहे, आणि प्रत्येक गृहस्थाने ते वाचावे असे आहे. वडील रागावले नाहीत. प्यावयाचेच असेल तर घरी, माझ्यासमोर आणि थोडे पी, असा मार्ग त्यांनी काढला. वडिलांचा हेतू शुद्ध होता. व्यवहारात मात्र असे झाले, की घरचा मोजका पेला चालू राहिला आणि बाहेरचा अमर्याद पेलाही सुटला नाही. अखेर १८४४ च्या सुमारास राजनारायण गंभीर आजारी पडले आणि त्यांचे कॉलेज सुटले. ते वाचले ही ईश्वरी कृपा. पुढे मेदिनीपूर येथे शिक्षक असताना त्यांनीच सुरापान-निवारणी सभा स्थापन केली. कलकत्त्यातही प्यारीचरण सरकार नावाच्या सत्त्वशील शिक्षकाने १८६३–६४ च्या सुमारास मद्यनिषेधाची संस्था काढली. ह्यावरून रोग किती पसरला होता ते दिसून येते.

राजनारायणांचा एक सहाध्यायी आणि जिवलग मित्र मात्र वाचला नाही. त्यांचे नाव मायकेल मधुसूदन दत्त. १८२४ च्या जानेवारीत जन्मलेला हा पुरुष बंगाली काव्याचे रूपच पालटून टाकणारा महाकवी झाला. १८६१ साली त्यांचे 'मेघनादवध' महाकाव्य प्रसिद्ध झाले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याआधीचे, १८६० साली छापलेले त्यांचे एक लहानसे प्रहसन अधिक बोलके आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'हीच का सभ्यता?' असा होतो. त्यात ज्ञानाच्या नावाने सभा भरविणारे आणि त्या आडून मद्याचे प्याले रिचविणारे नवशिक्षित तरुण आहेत. दारूच्या धुंदीत घरी परतणारा नायक आहे, धर्मनिष्ठ वडील आहेत, आणि हा सारा प्रकार पाहून व्यथित झालेली त्याची तरुण पत्नी आहे. मद्य घरात कसे शिरते, कोणते उदात्त नाव घेऊन शिरते, आणि त्याची किंमत घरातील कोण मोजते, हे मधुसूदनांइतके स्पष्ट त्या काळी कोणी पाहिले नव्हते.

आणि पाहणारा स्वतः पीत होता.

येथे थोडे थांबले पाहिजे. ज्ञान नव्हते म्हणून मधुसूदन बुडाले असे कोणास म्हणता येणार नाही. १८६२ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेले. फ्रान्समध्ये कर्जाने आणि उपासमारीने गांजले असता ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पैसे पाठवून त्यांस तारले. १८६७ साली परत येऊन त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. मिळकत चांगली होती. उधळा स्वभाव आणि कर्ज हे त्यांच्या नाशाचे साथीदार होते, सगळा दोष एकट्या मद्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु मद्याने शरीर पोखरले हे निर्विवाद. शेवटचे काही दिवस ते उत्तरपाडा येथील ग्रंथालयाच्या इमारतीत आश्रयास होते. १८७३ च्या जून महिन्याच्या २६ तारखेस त्यांची सहचरी हेन्रिएटा वारली, आणि तीन दिवसांनी, २९ तारखेस, अलीपूरच्या रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. वय एकोणपन्नास. लोअर सर्क्युलर रोडवरील ख्रिस्ती दफनभूमीत दोघांच्या समाधी आहेत.

मराठी वाचकांस येथे राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' नाटकातील सुधाकर आठवल्यावाचून राहणार नाही. तोही वकील आणि बुद्धिमान. तोही अपमानाच्या एका संध्याकाळी तळीरामाच्या हातून पहिला पेला घेतो, आणि सिंधूचा संसार त्या पेल्यात बुडतो. १९१९ साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी हे नाटक प्रथम रंगभूमीवर आले. तेव्हापासून आपल्याकडे एक कल्पना दृढ झाली, की सर्व अनर्थ त्या पहिल्या पेल्यात आहे. ते खरेच आहे. परंतु पहिल्या आणि शेवटच्या पेल्यांमध्ये जी वर्षे जातात त्यांत काय घडते, ह्याकडे आपले लक्ष थोडे कमी असते; आणि घरातील माणसे फसतात ती त्याच वर्षांत.

वैद्यकशास्त्राने ह्या मधल्या वर्षांचा बराच शोध घेतला आहे. जेलिनेक नावाच्या संशोधकाने सुधारणेच्या मार्गावर आलेल्या शेकडो मद्यपींकडून माहिती गोळा करून १९४६ आणि १९५२ साली ह्या रोगाच्या अवस्था मांडल्या. प्रत्येकाचा प्रवास त्याच क्रमाने होत नाही, असे नंतरच्या शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. तथापि मुख्य खुणा आजही मान्य आहेत. आपल्याकडे चरकाचार्यांनीही चिकित्सास्थानातील मदात्यय प्रकरणात मदाच्या चढत्या अवस्था वर्णिल्या आहेत. विषय जुनाच आहे.

पहिली खूण अशी, की पूर्वी जितक्या मद्याने चढत असे तितक्याने आता चढत नाही. मंडळी कौतुकाने म्हणतात, ह्यांस दारू पचते. वाचकहो, हे कौतुक म्हणजे धोक्याची घंटा आहे. शरीराने विषाशी जुळवून घेतले, एवढाच त्याचा अर्थ. यकृत मुकाट्याने भार वाहत असते. त्याच्यात प्रथम चरबी साठते, आणि ह्या वेळी मद्य थांबले तर बहुधा ते पूर्ववत् होते. पुढे ते कठीण होऊन आक्रसू लागले म्हणजे मागे फिरण्याची वाट जवळजवळ बंद होते. मद्य पचविणारा म्हणून ज्याची ख्याती असते तो, न चढल्यामुळेच, इतरांपेक्षा अधिक पितो.

दुसरी खूण स्मृतीची. रात्री मनुष्य चालतो, बोलतो, वचने देतो, कधी हातही उगारतो, आणि सकाळी त्यास त्यातले काही आठवत नाही. तो खोटे बोलत नसतो. मद्याच्या भारी मात्रेखाली मेंदू त्या तासांची नोंदच करीत नाही. पत्नी सकाळी रात्रीचा प्रकार सांगू लागते तेव्हा त्यास तो आरोप अन्यायाचा वाटतो, आणि तिच्याविषयी क्रोध उत्पन्न होतो. गीतेतील क्रोध, संमोह आणि स्मृतिविभ्रम ह्या कड्या एखाद्या घरात सकाळच्या चहाच्या वेळी अशा एकत्र गुंफलेल्या दिसतात. स्मृतिभ्रंशाची अगदी शेवटची पायरी रशियन वैद्य कोर्साकोव्ह यांनी १८८७ पासूनच्या लेखांत वर्णिली. दीर्घ मद्यपान आणि त्यामुळे होणारी ब-१ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळे रोग्याची नवी आठवण ठेवण्याची शक्तीच जाते. नुकतेच भेटून गेलेला माणूस त्यास आठवत नाही, आणि रिकाम्या जागी तो कल्पनेने काहीतरी भरून सांगत राहतो. भगवंतांचा शब्द इतक्या अक्षरशः खरा ठरेल असे भाष्यकारांच्याही मनात आले नसावे.

मधल्या पायऱ्यांवर मनुष्य नियम करू लागतो. सूर्यास्तापूर्वी घेणार नाही, फक्त शनिवारी घेईन, श्रावणात मुळीच नाही. नियम करावा लागणे हीच ह्या टप्प्याची खूण होय, कारण ज्यास संयम सहज असतो त्यास वेळापत्रक लागत नाही. श्रावण पाळला गेला म्हणजे तो स्वतःस आणि घरच्यांस म्हणतो, पाहा, मी मनात आणले तर सोडू शकतो. आणि भाद्रपदात दुप्पट पितो. एकेक सवलत लहान असते. ती मागणाराही तोच आणि देणाराही तोच. आणि देणारा दर वेळी पूर्वीपेक्षा थोडा अधिक दुबळा झालेला असतो. म्हणून चढाव इतका सौम्य भासतो, की प्रत्येक पायरी ही जमीनच वाटते. त्याच सुमारास घरातील लोक झाकाझाक करू लागतात. कचेरीत ताप आल्याचा निरोप जातो, उधारी गुपचूप फेडली जाते, मुलांस बाबा दमले आहेत असे सांगितले जाते. ही माउलीची माया आहे, तिला दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु कृत्याचे फळ कर्त्यापर्यंत पोहोचूच न देणे म्हणजे त्याच्या उरल्यासुरल्या स्मृतीचा पुरावा आपणच पुसणे होय, एवढे तिने जाणावे.

ही काही थोड्या घरांची गोष्ट नव्हे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांचे पिणे अपायकारक किंवा व्यसनाधीन स्वरूपाचे आहे.

मग आपल्या धर्मपरायण कुटुंबांत काय केले जाते? त्यास देवासमोर उभे करून शपथ घालतात. गीतेच्या पोथीवर हात ठेवावयास लावतात. कुठे खोलीत कोंडून बाहेरून कडी लावतात. शपथेच्या पावित्र्याविषयी मी काही बोलत नाही. परंतु जी स्मृती काल रात्रीचे शब्द जपू शकली नाही तिच्यावर आपण आयुष्यभराच्या वचनाचे ओझे टाकतो. आणि ते मोडले म्हणजे त्याच्या दुःखात पापाची भर पडते, ती विसरण्यासाठी तो पुन्हा पितो. शिवाय ह्यात प्राणाचा धोका आहे. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूने मद्याच्या दडपणाविरुद्ध आपली चेतना सतत ताणून धरलेली असते. दडपण एकाएकी निघाले, की तो ताण मोकाट सुटतो. काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भास होऊन भयंकर भ्रमाची अवस्था येते. उपचार न मिळाल्यास तीत मृत्यू ओढवू शकतो. म्हणून सकाळी पेल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत, त्याचे मद्य वैद्याच्या देखरेखीखालीच सोडवावे. त्यास रुग्णालयात नेणे हे श्रद्धेचे न्यून नव्हे.

आणि आता कलकत्त्याकडे परत. मधुसूदनांच्या हयातीतच, १८६६ साली, दीनबंधू मित्र यांचे 'सधवार एकादशी' हे प्रहसन प्रसिद्ध झाले. त्यात निमचंद नावाचा विद्वान मद्यपी आहे. लोकांना त्यात मधुसूदनांची छाया दिसली. १८६८ च्या सुमारास बागबाजारच्या हौशी मंडळींनी ते रंगभूमीवर आणले तेव्हा निमचंदाची भूमिका करणारा तरुण होता गिरीशचंद्र घोष. भूमिका अजोड झाली. तो स्वतःही त्याच वाटेने चालला होता. पुढे बंगाली रंगभूमीचा जनक म्हणून त्याची कीर्ती झाली, आणि कलकत्त्यातील नामांकित मद्यपी म्हणूनही. दोन्ही कीर्ती खऱ्या होत्या.

२१ सप्टेंबर १८८४ रोजी गिरीशबाबूंचे 'चैतन्यलीला' नाटक पाहण्यास श्रीरामकृष्ण परमहंस बीडन स्ट्रीटवरील स्टार थिएटरात आले. तेव्हापासून जो संबंध जडला त्याचे वर्णन भक्तमंडळींनी विस्ताराने केले आहे. गिरीशबाबू मद्याच्या भरात ठाकुरांस शिवीगाळ करीत. अपरात्री झिंगलेल्या स्थितीत दक्षिणेश्वरी जात. ठाकुरांनी त्यांस दार बंद केले नाही. दारू सोड, मग ये, अशी अटही घातली नाही. ह्यावरून कोणी मद्यास संतांची संमती काढू नये. वैद्य रोग्यास जवळ बसवितो, ते रोग आवडतो म्हणून नव्हे.

ठाकुरांनी त्यांस सांगितले, सकाळ-संध्याकाळ भगवंताचे स्मरण करीत जा. गिरीशबाबूंनी आपल्या मनाची परीक्षा केली आणि ते गप्प राहिले. कारण कामाच्या आणि नशेच्या धांदलीत आपणांस आठवण राहील अशी त्यांची खात्री नव्हती. मग जेवणापूर्वी, नाहीतर झोपण्यापूर्वी एकदा तरी, असे ठाकुरांनी उतरत उतरत विचारले. तेवढेही वचन गिरीशबाबूंच्याने देववेना. माझ्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत प्रामाणिक क्षण होय. मधुसूदनांनी इतरांचे व्यसन ओळखले होते. गिरीशचंद्रांनी आपली स्मृती आता भरवशाची राहिली नाही हे ओळखले. तेव्हा ठाकुर म्हणाले, तर मग मला 'बकलमा' दे, म्हणजे मुखत्यारपत्र दे. तुझा भार माझ्याकडे. गिरीशबाबूंनी तो दिला.

येथे एक शंका येईल. सहाव्या अध्यायात भगवान सांगतात, की आपला उद्धार आपणच करावा. मग दुसऱ्याच्या हाती मुखत्यारी देणे हे त्या उपदेशाविरुद्ध नाही काय? मला तसे वाटत नाही. बुडणाऱ्याने दोर धरणे हाही पोहण्याचाच भाग आहे; हात त्याचाच लागतो. आणि नवव्या अध्यायात अत्यंत दुराचारी मनुष्यासही भगवंतांनी साधू मानण्यास सांगितले आहे ते त्याच्या पूर्वीच्या शपथांमुळे नव्हे. त्याचा निश्चय आता योग्य दिशेला वळला आहे, म्हणून. १९३५ साली अमेरिकेत एक दलाल आणि एक शल्यवैद्य अशा दोन मद्यपींनी जी परस्परसाहाय्याची मंडळी सुरू केली, तिची पहिली पायरीही हीच, की मद्यापुढे माझे बळ चालत नाही हे कबूल करणे. तिच्या सभा आज कोलकात्यातही भरतात आणि महाराष्ट्रातही. पुण्यात १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले, तेथेही मद्यपीस गुन्हेगार न समजता रोगी समजून जवळ केले जाते. तेथे आणि अशा सभांतून जुने रोगी नव्यांस आपली कहाणी सांगतात. स्मृती गेलेल्यास स्मृती उसनी मिळते ती अशी.

गिरीशबाबूंचे मद्य त्या दिवशी सुटले नाही. ते हळूहळू, वर्षांच्या ओघात सुटले. ८ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचा देहान्त झाला. मधुसूदनांहून जवळजवळ वीस वर्षे अधिक आयुष्य त्यांस लाभले. उतारवयात ते भक्तांस सांगत, की बकलमा देताना सुटलो असे वाटले होते, जप नको, नियम नको. परंतु पुढे कळले, की जपास ठरावीक वेळ असते, आणि ज्याने मुखत्यारी दिली आहे त्यास प्रत्येक पाऊल उचलताना, प्रत्येक श्वास घेताना पाहावे लागते, की हे आपल्या जोरावर चालले आहे की त्यांच्या. दिवसातून दोन वेळा ज्यास देवाची आठवण राहत नव्हती, त्यास आता क्षणभरही विसरता येत नव्हते.